सांगायला आलेला माणूस

साशंक : गुरुजी, जिल्ह्याच्या इतिहासात फिरत्या पाद्र्यांवर तुम्ही एक अख्खं प्रकरण घालताय, ते मला पटत नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं ठाणं भंडाऱ्यात होतं, मिशनचा दवाखाना होता, याची नोंद इंपीरियल गॅझेटियरमध्ये आहे. तेवढी दोन वाक्यं पुरेत. ज्या कामासाठी ही माणसं आली, ते काम इथे झालंच नाही. नागपुरात 1845 मध्ये त्यांनी बस्तान बसवलं आणि तिथून खेड्यापाड्यांत दौरे सुरू केले. दिवाळी आटोपायची, धान निघायचं, बांधीतला चिखल वाळून गाडीवाट मोकळी व्हायची, की हे निघणार. आठवडी बाजारात उभं राहून शुभवर्तमान सांगणार, पुस्तिका वाटणार आणि उन्हं तापायच्या आत परतणार. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. एवढं करून जिल्ह्यातली ख्रिस्ती मंडळी मूठभरच राहिली. आणि ज्यांनी या पाद्र्यांकडे पाठ फिरवली, त्यांच्याच नातवंडांनी 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर वस्त्याच्या वस्त्या बुद्धाच्या केल्या. लोकांना धर्म बदलायचा नव्हता असं नाही. या माणसांच्या हातून बदलायचा नव्हता. मग त्यांच्यावर पानं कशाला?

आस्थेवाईक : ताई, तुम्ही ज्या गजाने मोजताय तो गज त्यांच्याच संस्थेचा आहे. बाप्तिस्मे किती झाले, हे एडिंबराच्या कचेरीला विचारायचं होतं. आपण भंडाऱ्याचे. आपला प्रश्न असा की ही माणसं आपल्या मुलखातून फिरली तेव्हा या मुलखाचं काय झालं आणि त्यांचं स्वतःचं काय झालं. त्यासाठी मला स्टीफन हिस्लॉपपासून सुरुवात करावी लागते, कारण भंडाऱ्याचं ठाणं ज्या मिशनची फांदी, त्याचं बूड त्याने रोवलं. 1817 चा जन्म, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. 1844 च्या अखेरीस पत्नी एरास्माला घेऊन निघाला आणि पुढच्या वर्षी नागपुरात पोचला. त्याचं फ्री चर्च तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं. ते प्रेसबिटेरियन, म्हणजे त्यात बिशप नसतो, वडिलांच्या सभा कारभार पाहतात. गावाला पाळक कोण द्यायचा हे जमीनदाराने आणि सरकारने ठरवायचं की मंडळीने, या वादावर 1843 मध्ये साडेचारशेहून जास्त पाळक सरकारी चर्च सोडून बाहेर पडले. पगार गेला, राहतं घर गेलं, बायकामुलांसह ते रस्त्यावर आले. त्या आगीतून निघालेली ही पिढी. सत्तेच्या आधाराशिवाय धर्म टिकला पाहिजे, असं मानणारा माणूस भोसल्यांच्या राज्यात आला होता. नागपूर खालसा व्हायला अजून जवळजवळ दहा वर्षं होती. हे आपण सोईस्करपणे विसरतो आणि सगळ्या पाद्र्यांना कलेक्टराच्या मागे उभं करतो.

साशंक : त्याच्या मनात सत्ता नसेल, पण त्याच्या पाठीशी ती होतीच. शेजारी कामठीची छावणी, गावात इंग्रज रेसिडेंट. बाजारात उभा राहून देवळातल्या देवाविरुद्ध बोलणारा गोरा माणूस सुखरूप मुक्कामाला परततो, याचं कारण ऐकणाऱ्यांना नीट ठाऊक असतं. त्याने आधार मागितला नाही म्हणून तो आधार नव्हता, असं होत नाही. आणि घर सोडलेल्यांबद्दल बोलताय म्हणून विचारते. त्या पाळकांनी घर सोडलं ते स्वतःच्या विवेकाला स्मरून. त्यांच्या बायकांना कुणी विचारलं? एरास्माला कुणी विचारलं? जॉर्ज स्मिथने 1888 मध्ये हिस्लॉपचं चरित्र लिहिलं. त्याच्या नावातच हिस्लॉपच्या दोन ओळखी आहेत, आद्य मिशनरी आणि निसर्गाचा अभ्यासक. नवरा आणि बाप या ओळखींना तिथे जागा नाही. भाषा परकी, कॉलऱ्याचा काळ, आणि थंडी पडली की घरधनी दौऱ्यावर. जो माणूस फिरतीवर असतो त्याचं घर कुणीतरी एका जागी बसून सांभाळत असतं, आणि त्या बसण्याचं चरित्र कुणी लिहीत नाही.

आस्थेवाईक : आपल्या भाषेत लिहिलं गेलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिलं.

साशंक : लिहिलं, आणि म्हणूनच मला हे बोलायचं धाडस होतं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांना नवा करार दिला एका गोऱ्या सहप्रवाशाने, नागपूर-राजनांदगाव गाडीत. म्हणजे आपल्या वरठी, तुमसर रोड, गोंदियावरून जाणाऱ्या लोहमार्गावर. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रेसबिटेरियन नव्हेत, अमेरिकन मराठी मिशनचे, पण पुढे तेही गावोगाव फिरणारे उपदेशकच झाले. त्यांच्या आतल्या उलघालीवर पुष्कळ लिहून झालंय. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं की नवऱ्याला सत्य सापडतं तेव्हा बायकोच्या पायाखालची जमीन कशी सरकते. नवरा जिवंत आहे, त्याचं प्रेमही आहे, आणि तरी सगळं गोत तिच्याकडे विधवेकडे पाहावं तसं पाहतं. पुढे ती स्वतःहून ख्रिस्ती झाली, मनापासून झाली, हे मला मान्य आहे. म्हणून मधली वर्षं हिशेबातून वजा होत नाहीत. आणि हे एका समंजस, कविमनाच्या माणसाच्या घरात झालं. बाकीच्या घरांत काय झालं असेल?

आस्थेवाईक : त्याचंही एक उदाहरण कागदोपत्री आहे, आणि ते तुमच्या बाजूचं असूनही मीच पुढे ठेवतो, कारण माझ्या प्रकरणात ते येणारच. याच स्कॉटिश मिशनच्या मुंबईच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्रींनी 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांच्या आसपासचा पोर, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. बाप सुप्रीम कोर्टात गेला. पोर अल्पवयीन म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं. पण तो मिशनऱ्यांकडे जेवलेला, जातीत घ्यायला ब्रह्मवृंद तयार नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावं म्हणून जीव तोडून खटपट केली, तर सनातन्यांनी त्यांनाच घेरलं. म्हणजे बघा, पोराला इकडे ओढणारे पाद्री, तिकडे ढकलणारे शास्त्री, आणि मध्ये उभा एकटा बाळशास्त्री. घर मोडलं हे खरं. पण ते एकट्या पाद्र्याने मोडलं का? आपल्या पोराला दार बंद करणारा समाज त्यात कुठेच नाही का? आणि नारायणरावांचं पुढे काय झालं तेही बघा. 1854 मध्ये त्यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. मग ते जालन्याकडे गेले, निजामाच्या मुलखात खेडोपाडी फिरले, मांग-महार वस्त्यांत राबले, बेथेल नावाचं गाव वसवलं. ब्राह्मणाच्या घरी जन्मलेला माणूस त्या काळी ज्यांच्या सावलीलाही जात नसे, त्यांच्या दारात तो आयुष्यभर बसला. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत त्यांचं भाषण झालं. 1891 मध्ये अमेरिकेहून परतताना बोटीवरच गेले. हे एका माणसाने निवडलेलं आयुष्य आहे. त्याला निव्वळ फसवला गेलेला पोरगा म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

साशंक : नारायणरावांना मी फसवले गेलेले म्हणणार नाही. बाबा पदमनजींनाही नाही. 1857 मध्ये 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचं दुःख मराठीत मांडणारा आणि दहा वर्षांनी फ्री चर्चचा पाळक झालेला माणूस कुणाचं बाहुलं नव्हता. पण ही नावं निघाली म्हणून माझा मुद्दा जास्त टोकदार होतो. शेषाद्री आणि पदमनजी शिकलेले, लिहिणारे, म्हणून त्यांची नावं उरली. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात खरी पायपीट कुणी केली असेल? साहेबाच्या पुढे दोन मुक्काम जाऊन जागा बघणारा उपदेशक, पुस्तकांचं ओझं वाहून बाजारात विकणारा, बायांच्या घोळक्यात बसून वाचून दाखवणारी बायबलबाई. ही इथलीच माणसं. साहेबाला परतायला स्कॉटलंड होतं. यांना परतायला गावही उरलं नव्हतं, कारण विहिरीवर आणि पंगतीत यांचं स्थान काय ते गाव ठरवणार. तुमच्या प्रकरणाचं मध्यवर्ती पात्र हिस्लॉप असेल, तर तुम्ही पुन्हा त्याच कचेरीच्या नजरेने लिहिताय.

आस्थेवाईक : हा आक्षेप मी घेतो. प्रकरणाची मांडणी त्यामुळे बदलेल. पण हिस्लॉपला मी काढणार नाही, आणि का ते सांगतो. हा माणूस सांगायला आला आणि ऐकत बसला. आधी दगडांचं ऐकलं. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर 1847 मध्ये आला. दोघं दौऱ्यावर निघाले की वाटेतल्या नाल्याचे कापलेले काठ बघायचे, विहीर खणली जात असेल तिथे थांबायचे. टाकळीचे गोड्या पाण्यातले शिंपले, सिलेवाड्याच्या दगडांत दबलेली पानं, मांगलीच्या वालुकाश्मातली एका उभयचराची कवटी. तिला रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये नाव दिलं. चांद्याकडे पिसदुऱ्याला त्याला मोठी हाडं सापडली, ती पुढे डायनोसॉरची ठरली. प्रकृती ढासळली म्हणून हंटर मायदेशी परतला, हा राहिला. विदर्भाच्या जमिनीचं पोट किती जुनं आहे, हे जगाला कळायला लागलं ते या फेऱ्यांमधून.

साशंक : दगडाला आईबाप नसतात, गुरुजी. दगड उचलून लंडनला पाठवला तर कुणाच्या घरात रडारड होत नाही. माणसांचं बोला.

आस्थेवाईक : माणसांकडेच येतो. तुम्ही कचारगडला गेलाच असाल. सालेकसा तालुका, 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाज लोटतो. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, कुठून कुठून माणसं येतात. मोठी गुहा, वरून उजेड पडतो. गोंडांचे पूर्वज गुहेत कोंडले गेले होते आणि पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवलं, ती हीच जागा अशी श्रद्धा आहे. त्या लिंगोचं लांबलचक गाणं गोंडीत पहिल्यांदा कागदावर उतरवलं ते या पाद्र्याने, एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या गायक-भाटाच्या, तोंडून. महादेव एक खार सोडतो, गोंड तिच्या मागे धावत गुहेत शिरतात आणि तोंडावर शिळा बसते. चौघेच तेवढे निसटतात. मग लिंगो जन्मतो, त्यांना शेती, आग, देव, गोत्रं देतो. कचारगड म्हणजेच मानलं जाणारं काचीकोपा लोहागड, हे नाव त्या पाठात आहे. हिस्लॉप गेल्यावर इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने हे सगळे कागद 1866 मध्ये छापले. आज गोंडी कार्यकर्ते आपल्या परंपरेचा सर्वात जुना लेखी पुरावा शोधतात तेव्हा त्यांना इथेच यावं लागतं. विचार करा, ज्याला हे गाणं विसरायला लावायचं होतं त्याच्या वहीत ते टिकलं.

साशंक : तुम्ही ते वाक्य कौतुकाने बोललात. मला त्यात अडचण दिसते. विसरायला लावायचं होतं, हे तुम्हीच म्हणताय. मग ते ऐकणं कसलं? ज्याला समोरच्याचा देव मोडायचा आहे, तो त्या देवाची माहिती गोळा करणारच. शिवाय छापलेल्या गाण्यात काय आलं, काय गळलं? परधान गोऱ्या साहेबापुढे गातोय. त्याला कळतंय की हा कोण. महादेव आणि पार्वती त्या पाठात इतके आहेत की आज अनेक गोंड अभ्यासक म्हणतात, ही मूळ कथा नव्हे, तिच्यावर थर चढलेत. म्हणजे तुमचा सर्वात जुना पुरावा हा साहेबाच्या मांडवात, साहेबाच्या प्रश्नांना दिलेलं उत्तर आहे. पुस्तकावर दोन नावं आहेत, हिस्लॉपचं आणि टेंपलचं. गाणाऱ्या परधानाचं नाही. जेम्स फोरसाइथने 1871 मध्ये त्याचं इंग्रजी काव्य करून वाचकांना रिझवलं, तिथेही नाही.

आस्थेवाईक : नाव नाही हा अन्याय आहे, त्यावर मी काहीच बचाव करत नाही. थर चढले असतील हेही मान्य. पण त्या काळात दुसरं कोण ऐकत होतं, ताई? महसूल अधिकाऱ्याला गोंडाचा सारा हवा होता, जंगल खात्याला त्याचं लाकूड, मालगुजाराला त्याची वेठ, आणि आपल्यासारख्या पांढरपेशांना तर तो दिसतच नव्हता. त्याच्या तोंडचं गाणं अख्खं, शब्दाला शब्द धरून लिहून घ्यायला जो बसला, तो का बसला? कारण त्याला वाटत होतं की या माणसाला आत्मा आहे आणि त्या आत्म्याशी बोलायला त्याचीच भाषा हवी. त्याच्या मतांशी मी सहमत नाही. पण ज्या आग्रहाने तो भाषा शिकला, त्या आग्रहाचं मूळ त्याच्या धर्मप्रचारातच होतं. प्रचार काढून टाका, मग तुम्हाला गाणंही मिळत नाही. मला हेच प्रकरणात लिहायचं आहे. बरं वाटणारं तेवढं उचलून बाकीचं झाकायचं नाही.

साशंक : आता आपण खऱ्या जागी आलो. तुमचं म्हणणं असं की बदलण्याची इच्छा होती म्हणून ऐकणं झालं. माझं म्हणणं असं की बदलण्याची इच्छा होती म्हणून ऐकणं एका हद्दीपलीकडे जाऊ शकलं नाही. ती हद्द कुठे होती याचाही पुरावा आपल्या जिल्ह्यात आहे. इथला महार समाज मोठा, गावोगाव जाडंभरडं कापड विणणारा. गिरण्या आल्या, नागपुरात 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, मागाचा धंदा मोडत गेला. मग दुष्काळ. 1891 ते 1901 या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या 7 लाख 42 हजारांवरून 6 लाख 63 हजारांवर आली. या लोकांना दवाखाना हवा होता, शाळा हवी होती, आणि सर्वात जास्त हवी होती ती बरोबरीची जागा. पाद्र्याने पहिल्या दोन गोष्टी दिल्या. तिसरी देताना त्याची भाषा पापाची आणि तारणाची होती. तो म्हणाला, तू पापी आहेस, मीही पापी आहे, ये. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पूर्वजन्मीच्या पापाचं फळ म्हणून गावाबाहेर ठेवलं, त्याच्या कानाला हे कसं लागत असेल? बाबासाहेब आंबेडकरांनी तर ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिताना विचारलंच की चर्चमध्ये जात गेली का, आणि धर्मांतर केलेला माणूस आपल्या मागे राहिलेल्यांसाठी लढतो का. 1954 च्या पोटनिवडणुकीत ते भंडाऱ्यातून उभे राहिले आणि हरले. दोन वर्षांनी याच मुलखातल्या लोकांनी त्यांचा धम्म घेतला. त्यांना सांगणारा पहिल्यांदाच त्यांच्यातला होता.

आस्थेवाईक : तरी त्या पहिल्या दोन गोष्टी तुम्ही फार पटकन ओलांडल्या. शाळेत कुणाला कुठे बसवायचं, दवाखान्यात कुणाच्या नाडीला हात लावायचा, हे प्रश्न मिशनला रोज सोडवावे लागत होते, आणि बरेचदा जातवाल्यांचा राग ओढवून घेऊन सोडवावे लागत होते. जो पोरगा गावच्या शाळेबाहेर उभा राहून ऐकत होता, तो कुठेतरी पहिल्यांदा बाकावर बसला असेल, तर त्या बाकाचा 1956 शी काहीच संबंध नाही असं म्हणणं मला जड जातं. बाप्तिस्मा नाकारून अक्षर घेणारी माणसं असू शकतात. ती पाद्र्याच्या अहवालात अपयश म्हणून गेली असतील. आपल्या इतिहासात ती अपयश म्हणून का जावीत?

साशंक : ती जाऊ नयेत. पण मग ते यश घेणाऱ्यांचं आहे. देणाऱ्याच्या खात्यावर ते चढवू नका.

आस्थेवाईक : खात्यावर चढवत नाही. पण हिस्लॉपचा शेवट मी लिहिणार. 4 सप्टेंबर 1863, भर पावसाळा, दौऱ्याचा हंगाम नव्हेच. टाकळघाटच्या दगडी वर्तुळांचं उत्खनन पाहायला तो टेंपलबरोबर गेला होता. टेंपल पुढे छावणीकडे निघून गेला, हा गावातली शाळा पाहायला मागे थांबला. अंधारात एकटा घोड्यावरून परतताना नाल्याला पूर होता. घोडा मोकळाच मुक्कामाला पोचला. हिस्लॉप सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला चार दिवस असताना बुडून गेला. मागे पत्नी आणि मुलं. शंभरेक वर्षांनी, 1968-69 मध्ये, नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा पुन्हा खणलं, आणि त्याच सुमारास आपल्या पवनीत बौद्ध स्तूप उघडे पडले. ज्या वाटांनी प्रचारक पुस्तिका वाटत गेले, त्यांच्याखाली दोन हजार वर्षांचा बुद्ध होता.

साशंक : पवनीचे स्तूप घाला, पण सूचक म्हणून घालू नका. दीक्षा घेणाऱ्यांनी जमिनीत काय पुरलंय ते पाहून धम्म घेतला नाही. आणि हिस्लॉपच्या मृत्यूवर प्रकरण संपवू नका. मरण आलं की वाचक माणसाला माफ करतो. मला त्याला माफही करायचं नाही आणि शिक्षाही द्यायची नाही. प्रकरण कशाने सुरू होणार ते सांगा.

आस्थेवाईक : आधी कचारगड आणि गाणं, गोंडीत, देवनागरी लिपीत, जेवढं शुद्ध करून घेता येईल तेवढं आजच्या गायकांकडून तपासून. मग ते उतरवणाऱ्याचा हेतू, काही न झाकता. मग उपदेशक आणि बायबलबाया, जेवढ्या कागदांत सापडतील तेवढ्या. मग मंडळीचं पुढचं आयुष्य, 1970 मध्ये नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना होऊन ती त्यात विरघळेपर्यंत. एरास्माचं पान तुम्ही लिहा.

साशंक : लिहिते. पण ते पान हिस्लॉपच्या शेजारी येणार नाही. मी तिला शेषाद्रींच्या घरातल्या बायकांच्या शेजारी ठेवणार, ज्यांच्या घरातून दोन पोरगे मिशनकडे गेले आणि एक कोर्टाने आणून दिला.

आस्थेवाईक : त्या दोन्ही बाजू एकमेकींच्या समोरच्या आहेत, ताई. एरास्माचा त्या कामावर विश्वास होता. शेषाद्रींच्या घरच्यांना ते काम म्हणजे संकट होतं. तुम्ही त्यांना एका पानावर आणलंत, तर तुम्हीही दोघींच्या श्रद्धा पुसून फक्त त्यांचं दुःख ठेवताय. पाद्र्याने परधानाचं केलं असं तुम्ही म्हणता, तेच.

साशंक : हा आक्षेप खरा आहे. त्याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. पण श्रद्धा वेगळ्या म्हणून पानं वेगळी केली, तर पुन्हा फक्त पुरुषांच्या श्रद्धांचा इतिहास होतो. ते पान मी लिहून आणते, मग त्यात कुणाचं काय पुसलं गेलं ते तुम्ही दाखवा.